हनुवटीकाकांची पाटी

त्यांना सगळे हनुवटीकाका म्हणत. तोंडावर नुसतं काका, पाठीमागे हनुवटीकाका. स्टुलावर माणूस बसला की दिव्यामागून त्यांचा आवाज यायचा, "जरा हनुवटी वर. एवढी नाही हो, आकाशात काय बघताय?" बेचाळीस वर्षं हेच. टोपणनाव त्यांना माहीत होतं आणि मनातून आवडायचंही, पण तसं त्यांनी कधी दाखवलं नाही.

स्टुडिओ औषधांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होता. जिना अरुंद आणि उभा. वर आलेला माणूस धापा टाकतच यायचा, म्हणून काकांनी दाराशी एक बाक ठेवला होता. "आधी श्वास खाली बसू दे, धापा फोटोत येतात," असं म्हणून ते गिऱ्हाइकाला तिथे टेकवत. बाकाच्या बरोबर समोर, बसलेल्या माणसाची नजर जाईल अशा उंचीवर, पाटी होती.

पाटी त्यांनी स्वतः रंगवली होती. प्लायवूडचा तुकडा, काळा रंग, त्यावर पांढरी अक्षरं. मथळा होता 'फोटोसाठी कपडे'. खाली लिहिलं होतं: गोऱ्या वर्णाने गडद रंग घालावेत. गव्हाळ वर्णाने पिवळा टाळावा. सावळ्या वर्णाने आकाशी, मोतिया, फिका गुलाबी घालावा; लाल, शेंदरी, विटकरी घालू नये. चौकडी कोणीच घालू नये.

पाटी फोटोपुरती होती, पण ती फोटोपुरती राहिली नाही. समोरच्या शिंप्याने ती कागदावर उतरवून घेतली. आया मुलींना घेऊन यायच्या आणि बोट दाखवायच्या, "बघ, मी म्हणत नव्हते? लिहिलंय इथं." भिंतीवर रंगवलेलं अक्षर म्हटलं की घरातला वाद मिटतो. पुढेपुढे तर लोक फोटो न काढताच नुसतं कापडाचं पुडकं घेऊन जिना चढू लागले. "काका, हा रंग चालेल का हिला?" काका चष्मा कपाळावर सरकवून एकदा कापडाकडे बघत, एकदा माणसाकडे, आणि निकाल देत. "उठून दिसतो." किंवा "खातो तुम्हाला." किंवा, सगळ्यांत वाईट म्हणजे, "मरतो." रंग अंगावर मरतो असं काकांनी म्हटलं की विषय संपला. काळ्या दगडावरची रेघ.

स्वतः ते कायम राखाडी शर्ट घालत. त्यालाही कारण होतं. दिव्यांच्या उजेडात उभं राहिलं की फोटोग्राफरच्या शर्टाचा रंग समोरच्याच्या गालावर पडतो. हिरवा शर्ट घातला तर गिऱ्हाईक आजारी दिसतं. राखाडीचं काहीच कुठे पडत नाही. शिंपी आता माप घेत नसे, कापडही विचारत नसे. "तेच ना?" एवढंच म्हणे, आणि काका मान हलवत.

घर स्टुडिओच्याच डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर. तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या. एकच मुलगी, ती दूरच्या शहरात नोकरीला. तिचा फोन रविवारी सकाळी. बाकीचे सहा दिवस काका सकाळी जिना उतरून स्टुडिओत येत आणि संध्याकाळी जिना चढून घरी जात. रस्त्यावर जायचं कारण रोज पडेच असं नाही. भाजीवाली टोपलीत भाजी ठेवून खालून दोरी हलवायची, वाणी सामान औषधवाल्याकडे ठेवायचा. घरात त्यांनी एक सवय लावून घेतली होती, चहाचा कप धुवून लगेच जागेवर ठेवायची. दोन कप होते. दुसरा ते पंधरा दिवसांनी धुवून ठेवत, धूळ बसते म्हणून.

प्रत्येकाच्या हातात फोन आला तसं काम आटलं होतं. अर्जांचे फोटो तेवढे उरले. दिवसाला तीन-चार माणसं आली तर आली. त्या तीन-चार जणांशी होईल तेवढंच काकांचं बोलणं, म्हणून ते पाटीवरून सुरुवात करत. "वाचलंत का? मग हा रंग का घातलात?" त्यावर माणूस काहीतरी बोले, काका काहीतरी सांगत, दहा मिनिटं जात. पाटीने त्यांना इतकी सोबत केली होती.

एका मंगळवारी दुपारी एक बाई जिना चढून आल्या. साठीला टेकलेल्या, सावळ्या, केस घट्ट बांधलेले, अंगात मोतिया रंगाचा ब्लाउज आणि तसाच फिका स्कर्ट. धापा मात्र टाकत नव्हत्या. तरी काकांनी सवयीने बाक दाखवला. त्या बसल्या आणि पाटीकडे बघत राहिल्या.

"अजून आहे का ही?" त्या म्हणाल्या.

"आहे तर. आणि तुम्ही अगदी पाटीबरहुकूम आलाय," काका खूश होऊन म्हणाले. "मोतिया. शाब्बास. निम्मं काम तुम्हीच केलंत माझं."

बाई हसल्या नाहीत. "निवृत्तीच्या कागदांना फोटो पाहिजे. तीस तारखेला सुटते मी. सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे."

"या, बसा स्टुलावर. जरा हनुवटी..."

"वर. माहितीय." त्यांनी हनुवटी बरोबर हवी तेवढीच वर केली.

काकांनी दोनदा बटण दाबलं. मग दिवे बंद केले तरी बाई स्टुलावरून उठेनात.

"काका, तुम्ही मला ओळखलं नसणार," त्या म्हणाल्या. "एक्केचाळीस वर्षं झाली. मी सतरा वर्षांची होते. नर्सिंगच्या अर्जासाठी फोटो काढायला आले होते, आणि घरी ठेवायला एक मोठा रंगीत. माझा थोरला भाऊ गिरणीत लागला होता. त्याने पहिल्या पगारातून मला फ्रॉक आणला होता. विटकरी लाल. तो घालूनच आले, भाऊ पण बरोबर होता. तुम्ही एक फोटो काढलात, मग कॅमेऱ्यामागून बाहेर आलात आणि म्हणालात, हा रंग तुझ्या अंगावर मरतो. उद्या फिक्या कपड्यांत ये."

काकांना काही आठवेना. असं ते कितीजणांना म्हणाले होते.

"दुसऱ्या दिवशी शेजारणीचा आकाशी फ्रॉक मागून आणला आणि आले. फोटो छान आला. प्रवेश मिळाला. फ्रॉक धाकट्या बहिणीला गेला, ती गोरी. तिच्यावर तो शोभतो असं सगळे म्हणायचे. भाऊ काही बोलला नाही. पण त्याने मला परत कधी कपडे आणले नाहीत. पेन आणायचा, छत्री आणायचा, एकदा तर कुलूप आणलं. कपडे नाही."

"अहो, तेव्हा मी नवीनच होतो..." काका म्हणाले.

"भांडायला नाही आले मी. पुढे गणवेश पांढरा मिळाला, प्रश्नच मिटला. गणवेशाबाहेर मी हे असंच घालत आले. मोतिया, राखी, आकाशी. आता एक तारखेला सकाळी उठल्यावर काय घालायचं, असं मनात आलं आणि तुमची पाटी आठवली. मला एकच विचारायचंय. त्या दिवशी तुम्हाला काय दिसलं होतं? म्हणजे माझ्यात नेमकं काय दिसलं, की रंग मरतो असं वाटलं?"

बेचाळीस वर्षांत कुणी काकांना 'का' विचारलं नव्हतं. लोक 'चालेल का' विचारत. काकांनी कॅमेऱ्यावर झाकण घातलं.

"फोटो गुरुवारी मिळतील," ते म्हणाले.

सिस्टरनी पर्स उचलली आणि त्या जिना उतरून गेल्या.

काकांना त्या दिवशी दुसरं काम नव्हतं. असतं तरी सुचलं नसतं. आतल्या खोलीत निगेटिव्हचे खोके वर्षवार लावलेले होते. या बाबतीत काका डोळ्यांत तेल घालून दक्ष. पहिल्या वर्षाचा खोका सगळ्यांत खाली, त्यावर बाकीच्या एक्केचाळीस वर्षांचं ओझं. ते सगळं बाजूला लावायलाच संध्याकाळ झाली. बुधवारी सकाळी त्यांनी एकेक पट्टी उजेडाला धरून बघायला सुरुवात केली, आणि अकराच्या सुमाराला ती सापडली. निगेटिव्हमध्ये रंग उलटे असतात, लाल फ्रॉक हिरवट निळा दिसतो. मुलगी सरळ बसलेली. शेजारी पडद्याच्या कडेला एका माणसाचा खांदा आणि हात आला होता. भाऊ असणार.

त्यांनी पट्टी स्कॅनरवर ठेवली. हा स्कॅनर मुलीने पाठवला होता, जुने फोटो वाचवा म्हणून. पडद्यावर वरून खाली हळूहळू चित्र उमटत गेलं. आधी केस, मग कपाळ, मग डोळे. मग फ्रॉकची गळ्याची पट्टी आली आणि काका खुर्चीत पुढे सरकले.

रंग मेला नव्हता. कुठेच मेला नव्हता. भाजलेल्या विटेसारखा तो लाल रंग होता आणि त्याच्यावर त्या मुलीचा चेहरा असा उजळून आला होता, की जणू दिवा तिच्या समोर नसून आत होता. ती हसत नव्हती, पण आता हसेल असं वाटत होतं.

काका बराच वेळ बघत बसले. मग त्यांना हळूहळू आठवत गेलं. हे ते विसरलेले होते. म्हणजे माहीत असलेलं विसरले होते.

त्या काळी रंगीत रोल मोठ्या शहरातल्या लॅबला पाठवावा लागे. तिथे छापणारं यंत्र होतं. यंत्राला माणूस कळत नव्हता, त्याला फक्त सरासरी कळायची. चित्रात लाल फार झालं की ते सगळ्या फोटोतून लाल काढून टाकायचं, मग चेहराही हिरवट, राखेसारखा होऊन यायचा. गोरा चेहरा त्यातून कसाबसा निभावायचा, सावळा चेहरा पार विझायचा. पहिल्याच महिन्यात असे चार-पाच फोटो आले. गिऱ्हाइकांनी आरडाओरडा केला. लॅबवाला म्हणाला, यंत्र असंच आहे, तुम्ही तसले कपडे घालू देऊ नका. काकांनी मान डोलावली आणि आठवड्याभरात पाटी रंगवली.

तेव्हा त्यांना पक्कं ठाऊक होतं की हा नियम यंत्राचा आहे. पण गिऱ्हाइकाला यंत्र कोण समजावणार? 'तुला शोभत नाही' म्हटलं की लोक मुकाट्याने घरी जाऊन बदलून यायचे. सोपं पडायचं. दोन वर्षं, पाच वर्षं, दहा वर्षं तेच बोलता बोलता यंत्र मागे पडलं, बदललं, लॅबच बंद झाली, आणि नियम माणसांच्या अंगाला चिकटून राहिला. काकांच्या डोळ्यालाही. रस्त्याने लाल कपड्यातली सावळी मुलगी दिसली की त्यांना ती खरोखरच विझलेली दिसायची. खिडकीत उभे राहून ते मनातल्या मनात म्हणायचे, मरतोय.

रविवारी मुलीचा फोन यायचा होता. त्यांनी वाट बघितली नाही. बुधवारी दुपारीच लावला.

"बाबा? काय झालं? बरं आहे ना?" मुलगी घाबरली.

"बरं आहे गं. एक विचारायचं होतं. तुझ्या आईला कोणता रंग आवडायचा?"

पलीकडे कुणीतरी टाइप करत असल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"शेंदरी," मुलगी म्हणाली. "तुम्हाला माहीत नाही?"

"शेंदरी? पण ती तर कायम..."

"फिकं घालायची. तुमच्यासमोर." मुलगी हसली. "अहो बाबा, आता काय लपवायचं. आईचा एक शेंदरी स्वेटर होता. मामींनी विणलेला. तुम्ही खाली स्टुडिओत गेलात की घालायची. दिवसभर तोच. मला जिन्यात पहाऱ्याला बसवायची. तुमचं पाऊल वाजलं की मी ओरडायचे, 'आले, आले!' की ही धावत जाऊन काढून उशीखाली. एकदा गडबडीत बटण तुटलं आणि पिठाच्या डब्यात पडलं. केवढ्या हसलो होतो आम्ही. तुम्ही आत येऊन विचारलंत, काय एवढं खिदळताय? आणि आम्ही दोघी गप्प."

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाबा? तुम्ही काही वाईट नव्हता हो. धाक वगैरे नव्हता. आम्हाला गंमत वाटायची."

"मला सांगितलं का नाही तिने?"

"सांगितलं होतं की. एकदा म्हणाली होती, फोटोत नको, पण घरात घातलं तर काय बिघडतं? तुम्ही म्हणालात, डोळा म्हणजे पण कॅमेराच. मग ती परत नाही बोलली." मग मुलीने विचारलं, "स्वेटर आहे का हो अजून? मला चालेल. पाठवाल का?"

"बघतो," काका म्हणाले.

बघण्यासारखं काही नव्हतं. काकू गेल्यावर महिन्याने त्यांनीच कपाट उपसलं होतं. घड्या घातलेले आकाशी, मोतिया, फिके कपडे त्यांनी गाठोड्यात बांधून अनाथाश्रमाला दिले. तळाशी एक शेंदरी स्वेटर निघाला होता. तो बघून त्यांना वाटलं, धोब्याकडून कुणाचा तरी आपल्यात आलाय. आपल्या घरात हा रंग कसा असेल? ज्याचा असेल तो नेईल म्हणून त्यांनी तो जिन्याच्या कठड्यावर टाकून ठेवला. येताजाता तीन दिवस तो त्यांना तिथे दिसला. चौथ्या दिवशी नव्हता.

बुधवारी संध्याकाळी ते वर गेले तेव्हा सवयीप्रमाणे जिन्यात पाऊल वाजलं. दाराबाहेर ते उगाचच थांबले. आतून कसलाच आवाज येणार नव्हता हे त्यांना कळत होतं, तरी थांबले. आपण घरात शिरलो की घरातलं हसणं बंद होत होतं, आणि इतकी वर्षं आपण समजत होतो की आपलं घर शांत आहे. त्यांनी जेवण केलं नाही. कप धुवून ठेवला.

गुरुवारी सिस्टर आल्या. काकांनी निवृत्तीच्या कागदांचे फोटो पाकिटात घालून ठेवले होते. त्याच्याबरोबर एक मोठं पाकीट होतं. त्यांनी ते पुढे केलं. सिस्टरनी फोटो बाहेर काढला. लाल फ्रॉकमधल्या स्वतःकडे त्या बघत राहिल्या. मग बोटाने पडद्याच्या कडेचा हात दाखवला.

"हा दादाचा हात," त्या म्हणाल्या. "हे घड्याळ त्याचं. चालायचं नाही, तरी घालायचा."

"सिस्टर," काका म्हणाले. त्यांनी आदल्या रात्री वाक्यं जुळवली होती, ती एकही आठवेना. "तुमच्यात काही नव्हतं. दोष यंत्राचा होता. छापायच्या यंत्राचा. त्याला लाल जमत नव्हतं. मला ते माहीत होतं. नाचता मला येत नव्हतं आणि अंगण तुमचं वाकडं ठरवलं."

सिस्टरनी त्यांना यंत्राबद्दल दोन-तीन प्रश्न विचारले, दवाखान्यात रुग्णाला विचारावेत तसे, नीट, एकामागून एक. काकांनी सगळं सांगितलं. ऐकून त्या म्हणाल्या, "वरातीमागून घोडं आणलंत काका."

"आणलं खरं."

"राग नाही आला मला. येईल बहुतेक, उद्यापरवा." त्यांनी फोटो मांडीवर ठेवला. "पण एक सांगते. मी काही अगदीच खुळी नाही. पंधरा वर्षांपूर्वी एकदा मुद्दाम दुकानात गेले आणि लाल घालून आरशात बघितलं. म्हटलं, कोण कुठला फोटोवाला, त्याचं काय घेऊन बसायचं. तर मला स्वतःलाच आवडला नाही. उतरवून ठेवला. आता तुम्हीच सांगा, ते न आवडणं माझं होतं की तुमचं? हे मी कशी ओळखू?"

काकांनी दिव्याचं तोंड स्टुलाकडे वळवलं. 

"मी परत फोटो काढतो," ते म्हणाले. "हव्या त्या रंगात. केव्हाही या."

"बघू." त्या उठल्या. दाराशी थांबून म्हणाल्या, "आमच्या घरात मी एकटीच आहे. कुणाला विचारायचं नसतं, कुणी सांगत नाही. तरी बघा, कपाट उघडलं की हात आपोआप मोतियाकडेच जातो."

"माझ्याकडेही कुणी नाही," काका म्हणाले. हे त्यांनी मोठ्याने प्रथमच म्हटलं होतं. सिस्टरनी मान डोलावली. मग त्या गेल्या.

शुक्रवारी काकांनी स्क्रू काढून पाटी उतरवली. ती घेऊन ते खाली ठेवायला निघाले तोच समोरचा शिंपी रस्ता ओलांडून आला.

"काका, टाकताय का? मला द्या. दुकानात लावतो."

"हे सगळं चुकीचं आहे रे."

"असेल हो. पण लोकांना लागतं काहीतरी."

"नाही देत."

"बरं," शिंपी म्हणाला, "माझ्याकडे उतरवलेलं आहेच."

काका त्याच्याकडे बघून म्हणाले, "मला एक शर्ट शिवायचाय. राखाडी नको."

शिंप्याने खांद्यावरची टेप हातात घेतली. "मग कोणता?"

आणि तिथे काका अडकले. शिंप्याने दुकानात नेऊन ठाणं काढून दाखवली, हिरवा, जांभळा, गर्द निळा, मोरपंखी. काका एकेक खांद्यावर टाकून आरशासमोर उभे राहिले. प्रत्येक वेळी आतून तोच जुना आवाज आला, खातो, मरतो, खातो. ते आवाजाला म्हणाले, गप्प बस, मला काय आवडतं ते बघू दे. आवाज गप्प बसला, पण त्याच्या जागी दुसरं काहीच बोलेना. माणसाला एकोणसत्तराव्या वर्षी स्वतःला कोणता रंग आवडतो हे सांगता येऊ नये, याची त्यांना लाज वाटली. शिंपी घाईत नव्हता. तो विडी पेटवून दाराशी बसला. शेवटी काकांनी डोळे मिटून ज्याला हात लावला ते ठाण घेतलं. पिवळं निघालं.

"पिवळा? आणि गव्हाळाने?" शिंपी म्हणाला.

"शिव," काका म्हणाले.

त्यानंतर धंदा आणखी बसला. कुणी कापड घेऊन आलं आणि "काका, चालेल का?" म्हणालं, की काका म्हणायचे, "तुम्हाला काय वाटतं?" माणसं गोंधळत. काही चिडत. एक बाई तर म्हणाल्या, "आम्हाला वाटून काय उपयोग? तुम्ही सांगा ना!" काका सांगत नसत. लोक मग चौकातल्या नव्या स्टुडिओत जाऊ लागले. तिथला मुलगा फोनवरच्या कुठल्याशा यंत्रात तोंड दाखवायला सांगतो आणि ते यंत्र रंग सांगतं म्हणे. जी दहा-दहा मिनिटांची बोलणी व्हायची तीही गेली. अर्जवाले येत, हनुवटी वर करत, जात. स्टुडिओत इतकं शांत असे, की खाली औषधवाल्याच्या दुकानातलं गोळ्यांचं पाकीट फाटलेलं वर ऐकू येई.

सिस्टर एकदा आल्या. निवृत्तीला दोन महिने होऊन गेले होते. अंगात मोतियाच होता. हातात कसलंतरी पुडकं होतं, ते त्यांनी उघडलं नाही आणि काकांनी विचारलं नाही. फोटो नको म्हणाल्या. बाकावर बसून चहा घेतला. दवाखान्याचं बोलल्या, सकाळी पाचला अजून जाग येते आणि मग दिवस फार मोठा होतो, असं म्हणाल्या. काका म्हणाले, माझा तर चारलाच सुरू होतो. चहासाठी काकांनी वरून दोन्ही कप आणले होते. जाताना सिस्टरनी आपला कप विसळून दिला.

पिवळा शर्ट काका सोमवारी आणि गुरुवारी घालतात. पहिल्या दिवशी तो घालून ते रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला खाली उतरले, तेव्हा औषधवाला काउंटरवरून वाकून बघायला लागला.

"अरे वा, काका! हा रंग तुमच्यावर..."

काकांनी हात वर केला. "राहू दे. सांगू नका."

"चांगलंच सांगणार होतो हो."

"चांगलंसुद्धा नको. अजून माझं मलाच ठरायचंय."

औषधवाल्याने गोळ्या दिल्या. काका जिना चढून वर आले. बाकावर कुणी नव्हतं. त्यांनी दिवे लावले, स्टूल पुसलं आणि दाराकडे तोंड करून बसले.